एसडीआरसाठी मोर्सचा कीयर कोणता घ्यावा?

आसावरी४०मी — सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. गेल्या वर्षी मी जनरल श्रेणीची हौशी रेडिओची परीक्षा मिनिटाला ८ शब्दांच्या मोर्ससह उत्तीर्ण झाले आणि त्यानंतर रोज अर्धा तास ऐकण्याचा सराव ठेवल्यामुळे आता मिनिटाला १८ शब्दांपर्यंत उतरवून घेता येते. घरी हर्मीस लाइट २ हा ५ वॅटचा एसडीआर, म्हणजे बरेचसे काम संगणकावरच्या प्रोग्रॅमने होणारा रेडिओ, आहे. तो इथरनेटच्या तारेने संगणकाला जोडलेला आहे आणि सोसायटीच्या गच्चीवर ४० मीटर पट्ट्याची डायपोल अँटेना बांधलेली आहे.

अडचण पाठवताना येते. पॅडल, म्हणजे दोन पात्यांची मोर्सची कळ, मी यूएसबी-सिरियल जोडणीतून संगणकाला लावले आहे आणि डिट (आखूड चिन्ह) व डा (लांब चिन्ह) तयार करण्याचे काम संगणकावरचा प्रोग्रॅमच करतो. स्वतःचा स्वर कानात किंचित उशिरा येतो आणि तीन-चार अक्षरांतच माझी लय मोडते. सावकाश पाठवले तर जमते, मात्र १५ च्या वर गेले की 'सीक्यू' या सर्वांना द्यायच्या हाकेचे भलतेच काहीतरी होते. म्हणून बाहेरचा कीयर, म्हणजे डिट-डा तयार करणारे वेगळे यंत्र, घ्यावे असा विचार आहे. विनकीयर हा तयार कीयर मागवावा, अर्डुइनो या छोट्या संगणकीय बोर्डावर के३एनजीचा कीयर स्वतः बनवावा, की प्रोग्रॅममधल्याच कीयरची सेटिंग्ज नीट करावीत, याबद्दल आपल्यापैकी एसडीआरवर प्रत्यक्ष सीडब्ल्यू (मोर्स) करणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे.

घाटमाथ्यावरचा_डायपोल — सोमवार, रात्री १०:१५

आसावरीताई, प्रश्न बरोबर आहे, फक्त त्याचा क्रम उलटा आहे असे मला वाटते. कीयर कोणता हे नंतर ठरवता येईल. आपल्या कानात जो स्वर पडतो तो नेमका कुठे तयार होतो, हे आधी पाहावे लागेल.

जुन्या रिगमध्ये कळ दाबली की त्याच पेटीतला छोटा ऑसिलेटर ताबडतोब वाजत असे, त्यामुळे साइडटोनला, म्हणजे आपल्याच पाठवण्याच्या स्वराला, उशीर होण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या मांडणीत पॅडलचा संपर्क जुळल्यापासून आवाज कानात पडेपर्यंतचा प्रवास लांब आहे. यूएसबीने ती खबर संगणकाला द्यायची, प्रोग्रॅमने ती पाहायची, स्वराचे नमुने तयार करून बफरमध्ये टाकायचे, आणि तो बफर भरल्यावर संगणकाच्या कार्यप्रणालीने तो ध्वनीच्या चिपकडे सोपवायचा. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर १०२४ नमुन्यांचा एक बफर म्हणजे २१ मिलिसेकंद होतात, आणि असे बफर वाटेत बहुधा एकाहून अधिक असतात. हर्मीस लाइट २ मध्ये हेडफोनसाठी ध्वनीची चिपच नसल्यामुळे हा वळसा टाळता येत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. डिटची लांबी मिलिसेकंदांत काढायची तर १२०० ला मिनिटाच्या शब्दसंख्येने भागावे. १२ शब्दांना डिट १०० मिलिसेकंदांचा, १८ ला ६७ चा, २४ ला ५० चा. आपला स्वर ६०-७० मिलिसेकंद मागे असेल, तर १८ च्या वेगाला आपण दुसरे चिन्ह सुरू करायच्या बेतात असताना कान पहिलेच ऐकत असतो. १५ च्या वर बिघडते हे आपले निरीक्षण त्यामुळे अगदी अपेक्षित आहे.

शॉर्टकट — सोमवार, रात्री १०:३२

आयकॉमचा आयसी-७३०० घ्या. तोही थेट सँपलिंग करणारा एसडीआरच आहे, कीयर आत आहे, साइडटोन आत आहे, आणि प्रश्न मिटतो.

घाटमाथ्यावरचा_डायपोल — सोमवार, रात्री १०:३६

@शॉर्टकट, चप्पल शिवायला आलेल्या माणसाला आपण गाडी घ्यायला सांगत आहात.

शॉर्टकट — सोमवार, रात्री १०:४१

गाडीत बसल्यावर चप्पल तुटत नाही, हे मात्र आपल्याला मान्य करावे लागेल.

निवृत्त_तारमास्तर — मंगळवार, सकाळी ६:१०

मी तार कचेरीत नोकरी केली आहे, तेव्हा थोडे जुने सांगतो आणि मग मुद्द्यावर येतो. आमच्या टेबलावर जी पितळी कळ होती तिचा खटकाच इतका खणखणीत असे की वेगळ्या स्वराची गरजच पडत नसे. हाताखाली कडकट्ट वाजले म्हणजे ओळीवर गेले, एवढा हिशोब होता. हाताला लागलेला धक्का आणि कानाला लागलेला आवाज एकाच क्षणी येत, म्हणून नवशिका उमेदवारही सहा महिन्यांत तालात बसत असे. १५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली, पण मनगटातला तो हिशोब अजून गेलेला नाही.

नातवाने घरी संगणकाला जोडायचा रेडिओ आणला तेव्हा मी स्ट्रेट की, म्हणजे साधी हाताची कळ, लावून पाहिली आणि चाळीस वर्षांच्या सवयीचा माणूस पहिल्या मिनिटात अडखळला. डा लांबत चालले होते, कारण आवाज अजून सुरूच आहे असे ऐकून हात वर उचलायला उशीर होत होता. शेवटी मी हेडफोन काढून ठेवले आणि नुसत्या खटक्यावर पाठवले. समोरच्या गृहस्थांनी अक्षर सुंदर असल्याचे कळवले.

माझे म्हणणे एवढेच की कीयरच्या आधी स्ट्रेट कीवर हात बसवावा. पॅडलची घाई करू नये.

संशयात्मा — मंगळवार, सकाळी ९:०५

तारमास्तरांचा अनुभव स्ट्रेट कीचा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे, कारण तिथे प्रत्येक चिन्हाची लांबी माणूस ठरवतो. आसावरीताई मात्र पॅडल वापरत आहेत. पॅडलवर डिट आणि डाच्या लांब्या यंत्र ठरवते, त्यांचे एकास तीनचे प्रमाण यंत्र सांभाळते, आणि बहुतेक कीयरमध्ये पुढचे चिन्ह लक्षात ठेवण्याची सोयही असते. मग आपला स्वर थोडा उशिरा ऐकू आल्याने अक्षर चुकण्याचे कारण काय? मला तरी हे सरावाअभावी घडते आहे असे वाटते. विलंबाला दोष देणे सोपे असते.

मंद्रसप्तक — मंगळवार, सकाळी ११:२०

@संशयात्मा, गणेशोत्सवाच्या मंडपात ध्वनिक्षेपकावर आभारप्रदर्शन करताना समोरच्या इमारतीवरून आपलाच आवाज परत आला की भल्याभल्या कार्यकर्त्यांची जीभ जड होते. शब्द पाठ असतात, सराव असतो, तरीही होते. मी तबला वाजवतो. हेडफोन लावून ध्वनिमुद्रण करताना माझाच ठेका जरा मागून आला, तर मी नकळत लय ओढतो आणि दोष लेहऱ्याला देतो.

पॅडलवर लांबी यंत्राची असते हे खरे, पण सोडण्याची वेळ माणसाचीच असते. 'सी' पाठवताना दोन्ही पाती दाबून धरली की डा-डिट-डा-डिट असे आपोआप जाते आणि पाती नेमकी कधी सोडायची हे आपण ऐकून ठरवतो. ऐकणेच एका डिटने मागे असेल तर आपण एका डिटने उशिरा सोडतो, आणि अक्षराला शेपूट फुटते. यात हाताची चूक शून्य असते.

पीसीबीपंडित — मंगळवार, दुपारी १:५०

मंद्रसप्तक यांनी शेपटाचा विषय काढला आहे, तर दोन्ही पाती एकत्र दाबून पाठवण्याच्या आयांबिक ए आणि बी या पद्धतींतला भेदही इथेच सांगितला पाहिजे, कारण आसावरीताईंच्या तक्रारीत त्याचाही वाटा असू शकतो.

दोन्ही पाती सोडल्यावर चालू चिन्ह पूर्ण करून थांबणे ही ए पद्धत. चालू चिन्ह पूर्ण करून त्याच्या विरुद्ध जातीचे आणखी एक चिन्ह पाठवून मग थांबणे ही बी पद्धत. १९७३ साली अमेरिकेतल्या क्यूएसटी मासिकात अ‍ॅक्यू-कीयरचा आराखडा आला आणि तिथून बीचा प्रसार झाला, तर कर्टिस यांच्या कीयर चिपवर हात बसलेल्यांना ए जवळची वाटते. ए वर शिकलेल्या माणसाला बी चे यंत्र दिले, की दोन्ही पाती दाबून पाठवलेल्या 'ए' अक्षराचा 'आर' होतो, 'एन'चा 'के' होतो आणि 'के'चा 'सी' होतो. आपण ज्या प्रोग्रॅमवर सराव केला तो कोणत्या पद्धतीचा होता आणि आता पाठवताना कोणती पद्धत चालू आहे, हे कृपया एकदा तपासावे.

आता कीयरबद्दल. मी के३एनजीचा मुक्त स्रोत असलेला कार्यक्रम अर्डुइनो नॅनोवर चालवतो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून नॅनोची नक्कल, पीसी८१७ ऑप्टोकप्लर, ३.५ मिलिमीटरची तीन सॉकेट्स, वेगासाठी १० किलोओहमचे पोटेन्शिओमीटर आणि किरकोळ रोधक-धारक आणले, तेव्हा सगळे मिळून पाचशे रुपयांच्या आत झाले. डबा म्हणून श्रीखंडाचा रिकामा डबा वापरला आहे. दिसायला तो चांगला नाही, पण आतली मांडणी झाकणातून दिसते हा त्याचा फायदा आहे.

दोन गोष्टी मात्र आधी सांगितल्या पाहिजेत. नॅनोमध्ये प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइटच जागा असते आणि के३एनजीच्या सगळ्या सोयी त्यात मावत नाहीत. त्यामुळे सुरुवातीच्या फाइलमध्ये हव्या त्या ओळी चालू आणि नको त्या बंद कराव्या लागतात, आणि पहिल्यांदा हे करताना एक संध्याकाळ जाते. दुसरे म्हणजे अर्डुइनोचा स्वर चौकोनी तरंगाचा असतो आणि तो कानाला करवतीसारखा लागतो. मी एक किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडच्या दोन पायऱ्या लावून तो बराच सौम्य केला.

ऑप्टोकप्लरच्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर रेडिओच्या कळीच्या प्लगच्या टोकाला आणि एमिटर बाहेरच्या नळीला जोडायचा. हे उलट जोडले तर काहीच होत नाही, आणि माणूस दोन तास कार्यक्रमात चूक शोधत बसतो. कोणता माणूस, ते विचारू नये.

आसावरी४०मी — मंगळवार, दुपारी ३:३०

सर्वांचे आभार. @पीसीबीपंडित, मी तपासले. सरावाचा प्रोग्रॅम ए पद्धतीचा होता आणि पाठवण्याचा बी वर होता. आता दोन्हीकडे ए ठेवले आहे. 'के'चा 'सी' होणे थांबले, परंतु लय अजूनही अडखळते.

एक शंका आहे. साइडटोन कीयरमधून घेतला, तर रिसीव्हरचा आवाज संगणकातून आणि स्वतःचा स्वर डब्यातून येणार. दोन्ही एकाच हेडफोनमध्ये कसे आणायचे?

पीसीबीपंडित — मंगळवार, दुपारी ४:०५

प्रत्येक आवाजाच्या वाटेत साधारण एक किलोओहमचा रोधक घालून दोन्ही एकत्र आणावेत आणि पुढे हेडफोन लावावा. आवाज थोडा कमी होतो, तो संगणकावरून वाढवता येतो. प्रोग्रॅममधला साइडटोन बंद करायला विसरू नये, नाहीतर प्रत्येक अक्षर दोनदा ऐकू येईल. कीयरच्या स्वराची पट्टी प्रोग्रॅममध्ये ठरवलेल्या पट्टीशी जुळवून ठेवावी. मी दोन्हीकडे ६०० हर्ट्‌झ ठेवले आहे, त्यामुळे समोरच्याचा स्वर माझ्या स्वराशी जुळला की आम्ही एकाच फ्रीक्वेन्सीवर आहोत हे कानानेच कळते.

म्युनिकवासी — मंगळवार, रात्री ८:४५

स्वतः बनवण्याचा आनंद मला मान्य आहे, पण विनकीयरची बाजू कोणीच मांडलेली नाही म्हणून लिहितो. गेली सहा वर्षे तो माझ्या टेबलावर आहे. वेगाची मूठ त्याच्यावरच आहे, स्वर त्याचा स्वतःचा आहे आणि मिनिटाला ५ पासून ९९ शब्दांपर्यंत त्याची मजल जाते. माझी मजल २८ ला संपते.

त्याचा खरा उपयोग स्पर्धेच्या वेळी कळतो. संपर्कांची नोंद ठेवणारा लॉगिंगचा प्रोग्रॅम त्याला फक्त अक्षरे पाठवतो, तीही १२०० बॉडच्या संथ गतीने, आणि त्या अक्षरांचे डिट-डा तो स्वतः आपल्या घड्याळावर मोजून पाडतो. संगणक मध्येच दुसऱ्या कामात गुंतला तरी अक्षराचा आकार बिघडत नाही. हाच मुद्दा एसडीआरवाल्यांनी लक्षात घ्यायला हवा, कारण वरच्या चर्चेत विलंब आणि लटपट या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. कळ दाबल्यापासून अँटेनावर लहर जाईपर्यंत सगळ्याच चिन्हांना सारखा उशीर झाला, तर समोरच्याला त्याचा पत्ताही लागत नाही. उशीर प्रत्येक चिन्हाला वेगवेगळा झाला तर मात्र एक डिट आखूड, दुसरा लांब असे होते आणि ते ऐकणाऱ्याला फार त्रासदायक असते. म्हणून कीयर कोणताही घ्या, पण त्याचे आउटपुट संगणकाच्या यूएसबीत न घालता रेडिओच्या मागच्या कळीच्या सॉकेटमध्ये थेट घाला.

दूरवरचा रेडिओ इंटरनेटवरून चालवणाऱ्यांनीही हेच तत्त्व वापरावे. या टोकाला कीयर आणि साइडटोन ठेवावा, मधल्या वाटेने अक्षरे किंवा चिन्हांच्या वेळा पाठवाव्यात, आणि त्या टोकाला दुसऱ्या कीयरने त्यांची पुन्हा जुळणी करावी.

नाशिकची_तबकडी — मंगळवार, रात्री ९:३०

विलंबाची तक्रार करणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे यावे. मी क्यूओ-१०० उपग्रहावर काम करते. तो २६ अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे, आपण २४०० मेगाहर्ट्‌झच्या वर पाठवतो आणि तो ते १०,४८९ मेगाहर्ट्‌झच्या वर परत देतो. जाण्यायेण्याचे अंतर बहात्तर हजार किलोमीटरांहून अधिक असल्यामुळे माझाच स्वर मला सुमारे पाव सेकंदाने ऐकू येतो. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाला पाव सेकंद म्हणजे चार डिट. 'आय' हे पूर्ण अक्षर देऊन हात बाजूला घेतला की ते आकाशातून पडायला लागते.

इथे कोणताही बफर लहान करून भागत नाही, कारण प्रकाशाचा वेग बदलायची सेटिंग नाही. मी डाव्या कानात कीयरचा स्वर घेते आणि उजव्या कानात उपग्रहावरून येणारा आवाज अगदी हळू ठेवते. पहिला आठवडा भोवळ आली. आता सवय झाली आहे, पण डाव्या कानातला स्वर बंद केला तर मला स्वतःचे नावही धड पाठवता येणार नाही.

संशयात्मा — मंगळवार, रात्री १०:१०

मी आज संध्याकाळी प्रयोग केला नसता तर आणखी वाद घातला असता. प्रोग्रॅममधला बफर मुद्दाम मोठा करून पॅडलवर २० च्या वेगाने पाठवून पाहिले. माझे पहिले नाव पाच अक्षरांचे आहे, ते सात अक्षरांचे झाले. माझे वरील विधान मागे घेतो. सरावाचा मुद्दा मात्र सोडत नाही.

फायनल_ट्रान्झिस्टर — बुधवार, सकाळी ७:५५

एक सावधगिरीची सूचना द्यायची आहे आणि तीसाठी स्वतःची फजिती सांगावी लागेल. पॅडलच्या तीन संपर्कांच्या प्लगमध्ये टोकाला डिट, मधल्या कड्याला डा आणि बाहेरच्या नळीला दोघांचा सामायिक जोड अशी रूढ रचना असते. स्ट्रेट कीच्या प्लगला मात्र पुष्कळदा मधले कडे नसते. असा दोन संपर्कांचा प्लग कीयरच्या पॅडलच्या सॉकेटमध्ये खुपसला की त्याची नळी मधल्या कड्याच्या पत्तीलाही टेकते, आणि कीयरला वाटते की कोणीतरी डाचे पाते दाबून धरले आहे.

मी असा प्लग लावून, साइडटोनचा आवाज शून्यावर ठेवून, चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो. परत आलो तेव्हा रेडिओ शांतपणे एकामागून एक डा पाठवत होता, हीटसिंकला बोट लावता येत नव्हते, आणि वॉटरफॉलवर, म्हणजे पडद्यावरच्या लहरींच्या आलेखावर, ७.०२० मेगाहर्ट्‌झला एक स्वच्छ, सरळ, निर्दोष रेघ उमटत गेली होती. मी आयुष्यात पाठवलेले ते सर्वांत सुबक मोर्स होते.

तेव्हापासून स्ट्रेट कीच्या तारेला मी तीन संपर्कांचाच प्लग लावतो आणि मधले कडे मोकळे ठेवतो.

निवृत्त_तारमास्तर — बुधवार, सकाळी ८:२०

चहा उकळेपर्यंत डा पाठवत राहणारा उमेदवार आमच्या काळी मेमो खाऊन घरी गेला असता.

घाटमाथ्यावरचा_डायपोल — बुधवार, सकाळी ९:१५

आसावरीताई, खर्च करण्याआधी एकदा विलंब मोजून पाहा. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. हेडफोनचा एक कप आणि पॅडल मोबाइलच्या मायक्रोफोनजवळ ठेवावे, ध्वनिमुद्रण सुरू करावे आणि डिटचे पाते नखाने खट्कन दहा वेळा दाबावे. मग ते ध्वनिमुद्रण ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून, नखाचा खटका आणि त्यामागून येणारा स्वर यांतले अंतर मोजावे. दोन्ही आवाज एकाच मुद्रणात असल्यामुळे मोबाइलचा स्वतःचा उशीर हिशोबात येत नाही. दहाही मोजमापे लिहून ठेवा. सरासरीवरून विलंब कळेल, आणि मोजमापांतल्या कमी-जास्तपणावरून म्युनिकवासी म्हणतात ती लटपट कळेल.

शिवाय पहिला डिट कापला जात नाही ना, हेही दुसऱ्या रिसीव्हरवर ऐकून पाहावे. प्रेषणाकडे वळणारा रिले बसायला काही मिलिसेकंद घेतो. तेवढ्यात कीयरने पहिला डिट पाठवून टाकला तर 'व्ही'चा 'यू' होतो, आणि भारतातले आपण सगळे 'व्हीयू'ने सुरू होणाऱ्या संकेतनावांचे असल्यामुळे ही चूक आपल्या कपाळी पहिल्याच अक्षराला लिहिलेली आहे. चांगल्या कीयरमध्ये आधी रेडिओला प्रेषणावर आणून मग थोड्या अवकाशाने पहिले चिन्ह सोडण्याची सोय असते. विनकीयरमध्ये ती आहे, के३एनजीमध्येही आहे.

ए_पंथी — बुधवार, सकाळी १०:००

ए पद्धतच शिकावी. बी मध्ये यंत्र आपल्या मनातले ओळखल्याचा आव आणते.

बी_पंथी — बुधवार, सकाळी १०:०४

बी मध्ये 'सी'साठी पाती अर्धा क्षण आधी सोडता येतात. वेग वाढला की या अर्ध्या क्षणाची किंमत कळते.

निवृत्त_तारमास्तर — बुधवार, सकाळी १०:३०

दोघांनीही स्ट्रेट की घ्यावी. तार ओढून ओढून मनगट दुखायला लागले तरच पुढे जावे. अमेरिकेत होरेस मार्टिन यांनी अर्धस्वयंचलित कळ काढली आणि १९०४ साली तिचे पेटंट घेतले, तेही तारवाल्यांच्या मनगटाला आराम मिळावा म्हणून. तिच्यात डिट स्प्रिंगच्या थरथरण्यातून आपोआप पडत आणि डा हाताने द्यावे लागत. म्हणजे यंत्र आणि माणूस निम्मे-निम्मे.

आसावरी४०मी — बुधवार, रात्री १०:५०

घाटमाथा यांनी सांगितल्याप्रमाणे मोजले आणि निकाल लिहिताना जरा संकोच वाटतो आहे. पहिल्या मोजणीत सरासरी २३० मिलिसेकंद आली. एवढा उशीर नाशिकच्या ताईंना उपग्रहावरून येतो आणि मला टेबलावरच्या टेबलावर. पंधरा मिनिटे डोके खाजवल्यावर लक्षात आले की मी ब्लूटूथचे हेडफोन वापरत होते.

तारेचे हेडफोन लावल्यावर ७४ झाले. प्रोग्रॅममधला बफर २०४८ वरून ५१२ वर आणल्यावर ३९ झाले, पण दहा मोजमापांत ३१ पासून ५२ पर्यंत फरक होता. त्याहून बफर लहान केला तर रिसीव्हरच्या आवाजात कडकड सुरू होते. ३९ वर १५ चा वेग आता सहज जमतो आणि १८ ला मधूनमधून घसरते.

संशयात्मा — बुधवार, रात्री ११:०५

ब्लूटूथ! आणि मी सरावाला दोष देत होतो.

मंद्रसप्तक — बुधवार, रात्री ११:१२

२३० मिलिसेकंदांवर आपण १५ शब्दांपर्यंत पोहोचत होता, हीच मुळात कौतुकाची गोष्ट आहे.

आसावरी४०मी — रविवार, संध्याकाळी ६:२०

शनिवारी पासोड्या विठोबाला जाऊन सामान आणले आणि के३एनजीचा कीयर बांधला. विनकीयरबद्दल म्युनिकवासी यांचे म्हणणे पटले होते, परंतु स्पर्धेत उतरायला मला अजून वेळ आहे आणि कुरिअरची वाट पाहण्याइतका धीर नव्हता. ऑप्टोकप्लर पंडितांनी बजावूनही पहिल्यांदा उलटाच जोडला. मात्र दोन तासांऐवजी दहा मिनिटांत सापडला.

कीयरचे आउटपुट रेडिओच्या कळीच्या सॉकेटमध्ये, स्वर दोन रोधकांतून हेडफोनमध्ये, प्रोग्रॅममधला साइडटोन बंद. आता नखाचा खटका आणि स्वर ऑडॅसिटीत एकमेकांना चिकटून दिसतात, त्यांत मोजण्यासारखे अंतर राहिलेले नाही. काल रात्री ७.०१२ वर १८ च्या वेगाने एका गृहस्थांशी वीस मिनिटे बोलणे झाले आणि त्यांनी एकदाही पुन्हा सांगा असे म्हटले नाही. तारमास्तर काका, डब्याला स्ट्रेट कीसाठीही वेगळे सॉकेट ठेवले आहे, आणि त्या तारेला तीन संपर्कांचा प्लग लावला आहे.

आता एकच अडचण उरली आहे. वेग वाढला की पॅडल टेबलावरून सरकते आणि डाव्या हाताने धरून ठेवावे लागते, त्यामुळे लिहून घेता येत नाही. रबराचे पाय लावून पाहिले, उपयोग झाला नाही. खाली काय लावावे?

पीसीबीपंडित — रविवार, संध्याकाळी ६:४५

स्वयंपाकघराचा ओटा बसवणाऱ्याकडून कडप्प्याचा वीतभर तुकडा आणावा. फुकट देतात. वरून पॅडल दोन स्क्रूंनी पक्के करावे आणि खाली जुन्या माउसपॅडचा कापलेला तुकडा चिकटवावा. माझे चार वर्षांत सुतभरही हललेले नाही.

फायनल_ट्रान्झिस्टर — रविवार, संध्याकाळी ७:०२

कडप्प्याला भोक पाडताना पाण्याची धार सोडत राहावे आणि ड्रिल हळू चालवावे. माझे दोन तुकडे गेले, तिसरा टिकला.

निवृत्त_तारमास्तर — रविवार, संध्याकाळी ७:३०

सॉकेट ठेवलेत, बरे केलेत. मंगळवारी सकाळी साडेसहाला ७.०१२ वर असेन. स्ट्रेट की लावून यावे. शुभेच्छा, म्हणजेच ७३.

आसावरी४०मी — रविवार, संध्याकाळी ७:३४

येते काका. १२ च्या वर जाऊ नका. ७३.